अन्नमार्गाची वीण

कोंकणांतील पेण-रोहे या टापूंत गागोदे बुद्रुक नांवाचें एक खेडें आहे. पूर्वीं हा भाग कुलाबा जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ सालीं त्याच जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. या खेड्यांत ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहरि भावे यांचा जन्म झाला. हेच पुढें विनोबा या नांवानें सर्व देशास परिचित झाले. त्याच १८९५ सालीं वसंत रामजी खानोलकर हेहि जन्मास आले. विनोबांचें नांव खेड्यापाड्यांत पोंचलें. खानोलकरांचें नांव मात्र वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकूं येतें. एक विरक्त पदयात्री, तर दुसरा सूक्ष्मदर्शक यंत्रासमोर बसणारा विकृतिशास्त्रज्ञ. तरीहि मनुष्याच्या अन्नमार्गाचा अर्वाचीन इतिहास सांगूं गेल्यास हीं दोन नांवें जवळ येतात. पहिल्यानें पोटांतील व्रण दीर्घकाळ सोसला. दुसऱ्यानें घडविलेल्या संस्थेंत शरीराची वीण कशी उसवते याचा अभ्यास झाला. आणि ही संस्था आज रायगड जिल्ह्यांतच उभी आहे. या दोहोंमधील दुवा म्हणजे डोळ्यांना न दिसणारीं कांहीं प्रथिनें. पेशीला पेशी चिकटवून धरणें हें त्यांचें काम होय.

विनोबांची प्रकृति मूळचीच किरकोळ. १९३८ सालीं ती इतकी खालावली कीं, हवापालटासाठीं त्यांना वर्ध्याजवळ पवनार येथें धाम नदीच्या कांठीं जाऊन राहावें लागलें. पुढें १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूदानाचा उगम झाला, आणि त्यानंतर सुमारें तेरा वर्षें हा पुरुष गांवोगांव पायीं हिंडला. तेव्हां त्यांचें वय पंचावन्नाच्या पुढें होतें आणि पोटांत व्रण होता. दूध, दहीं, मध अशा मोजक्या पदार्थांवर त्यांनीं हजारों मैलांची वाटचाल केली. लोकांना त्यांत तपस्या दिसली, आणि ती होतीच; परंतु त्या आहारामागें पोटाच्या दुखण्याचें कारणहि होतें, हें विसरतां कामा नये.

पोटांतील व्रण हें दुखणें आपल्याकडे नवें नव्हे. अन्न पचत असतां उठणाऱ्या शूळास माधवनिदानांत परिणामशूल असें नांव दिलेलें आहे. युरोपांत १९१० सालीं श्वार्ट्झ या शल्यवैद्यानें असा सिद्धांत मांडला कीं, जेथें आम्ल नाहीं तेथें व्रणहि नाहीं. १९१५ सालीं शिकागोचे डॉक्टर सिप्पी यांनीं रोग्यास थोड्या थोड्या वेळानें दूध व साय देण्याची उपचारपद्धति प्रसिद्ध केली, आणि ती पुढें कित्येक दशकें जगभर चालली. तिखट वर्ज्य करावें, चिंता करूं नये, दुधावर राहावें, हाच सल्ला घरोघरच्या रोग्यांस मिळत असे. विनोबांचा आहारहि त्या काळच्या या समजुतीशीं जुळणाराच होता.

हा सगळा विचार आम्लाभोंवतीं फिरत होता. एक साधा प्रश्न मात्र मागें पडला. जठरांतील रसानें मांस विरघळतें; मग निरोगी मनुष्याचें जठर स्वतःलाच कां पचवून टाकीत नाहीं? आंतल्या भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो, तो पहिला रक्षक, हें लौकरच कळलें. पण लेपाखालची भिंत कशानें उभी राहते? शत्रु कोण याची चर्चा पुष्कळ झाली. तटाचे दगड कशानें सांधले आहेत, हें पाहणारे थोडे निघाले.

ही भिंत विलक्षण पातळ आहे. आंतड्यांत अन्न आणि रक्तवाहिन्या यांना वेगळें ठेवणारें अस्तर म्हणजे पेशींचा केवळ एक थर होय. त्याच्या सर्व घड्या उलगडल्या तर क्षेत्रफळ सुमारें तीस चौरस मीटर भरतें, म्हणजे शहरांतील एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढें. शिवाय हें अस्तर कायमचें नाहीं. त्यांतील बहुतेक पेशी तीन ते पांच दिवसांत झडून जातात आणि नव्या पेशी त्यांची जागा घेतात. भर पावसाळ्यांत वाड्याच्या भिंतीची प्रत्येक वीट दर आठवड्याला बदलावी आणि तरीहि पाण्याचा थेंब आंत येऊं नये, तशी ही किमया आहे. सुश्रुतानें शरीरांत सात कला, म्हणजे सात अस्तरें सांगितलीं. त्यांपैकीं सहावी पित्तधरा कला त्यानें जठर व पक्वाशय यांच्या मध्यें ठेवली आणि अन्नास धरून ठेवणें हें तिचें काम मानलें. पेशी त्यास ठाऊक नव्हत्या. परंतु अवयवाचें मर्म त्याच्या अस्तरांत शोधण्याची दृष्टि तेथें खास आहे.

एकोणिसाव्या शतकांत सर्व प्राणिमात्रांचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं आहेत हें सिद्ध झालें. विटा दिसल्या, पण चुना दिसला नाहीं. त्याचा पहिला सुगावा समुद्रांत लागला. १९०० सालीं हर्ब्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें समुद्रांतील अर्चिन नांवाच्या कांटेरी प्राण्याचे कोंवळे गर्भ कॅल्शियम नसलेल्या खाऱ्या पाण्यांत ठेवले. पेशी मेल्या नाहींत. त्या एकमेकींपासून सुट्या झाल्या. कॅल्शियम पुन्हां मिळतांच त्यांचें जुळणें पुन्हां सुरू झालें. १९०७ सालीं अमेरिकेंत विल्सन या प्राणिशास्त्रज्ञानें जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडांतून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी सरपटत एकत्र आल्या, आणि कालांतरानें त्यांतून पुन्हां स्पंज घडला. पेशी नुसत्या एकमेकींस टेकून बसत नाहींत, त्या एकमेकींस ओळखून धरतात, आणि त्या धरण्यांत कॅल्शियमचा हात असतो, एवढें या दोन प्रयोगांनीं कळलें. धरणारा पदार्थ कोणता, हें कळावयास मात्र आणखी सत्तर वर्षें लागलीं.

मध्यंतरीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्र आलें. १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील मॅरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडी यांनीं उंदीर व गिनिपिग यांच्या अनेक अवयवांचीं अस्तरें तपासून त्यांतील जोडांचें वर्णन प्रसिद्ध केलें. आंतड्याचें अस्तरहि त्यांत होतें. शेजारच्या दोन पेशींमध्यें वरून खालीं तीन प्रकारचे जोड ओळीनें लागतात, असें त्यांना दिसलें. सर्वांत वर फट बुजविणारा घट्ट जोड. त्याच्या खालीं पेशीभोंवतीं कमरपट्ट्यासारखा फिरणारा जोड. आणि त्याच्याहि खालीं ठिकठिकाणीं बटणांसारखे बसविलेले मजबूत जोड. शिवण दिसली, दोरा अद्याप हातीं लागावयाचा होता.

तो हातीं लागला एका अडचणींतून. क्योतो विद्यापीठांतील तरुण जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची हे १९७० नंतरच्या दशकांत कांहीं काळ अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें कामास गेले. ट्रिप्सिन हा स्वादुपिंडांतून आंतड्यांत येणारा पाचक रस. तो वापरून पेशी सुट्या करावयाच्या आणि त्या पुन्हां कशा चिकटतात हें पाहावयाचें, असा त्यांचा क्रम. क्योतो येथें सुट्या केलेल्या पेशी झपाट्यानें पुन्हां चिकटत. बाल्टिमोर येथें चिकटेनात. दुसरा कोणी असता तर हात चुकला असें समजून त्यानें तो प्रयोग सोडून दिला असता. ताकेइची यांनीं दोन्हीकडच्या द्रवांची तुलना केली. बाल्टिमोरच्या द्रवांत कॅल्शियम बांधून टाकणारें एक रसायन मिसळलेलें होतें. यावरून उलगडा झाला कीं, कॅल्शियम जवळ असतां पेशींना चिकटविणारें एक प्रथिन ट्रिप्सिनपासून बचावतें, आणि कॅल्शियम काढून घेतलें कीं तेंच प्रथिन पचून जातें. १९७७ सालीं त्यांनीं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि १९८४ सालीं या प्रथिनास कॅडहेरिन हें नांव दिलें. कॅल्शियम आणि चिकटणें या दोन अर्थांचे शब्द त्यांत सांधलेले आहेत. अस्तरांतील पेशींत जें सांपडतें त्यास ई-कॅडहेरिन म्हणतात. पॅरिसमध्यें फ्रांस्वा जाकोब यांच्या प्रयोगशाळेंतहि हेंच प्रथिन दुसऱ्या नांवानें हातीं आलेलें होतें.

एक सांपडल्यावर त्याचे भाऊबंद सांपडूं लागले. १९९४ सालीं बर्लिनच्या संशोधकांना उंदराच्या यकृतांत व आंतड्यांत एक निराळें कॅडहेरिन आढळलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत, औषधें आंतड्यांतून रक्तांत कशीं शिरतात याचा शोध घेत असतां, दुसऱ्या एका गटास मनुष्याच्या आंतड्यांतील तेंच प्रथिन मिळालें. मनुष्यांत त्याचें मुख्य ठाणें आंतडेंच होय. निरोगी यकृतांत तें आढळत नाहीं. आज त्यास कॅडहेरिन-१७ म्हणतात. तें ८३२ अमिनो आम्लांचें बनलेलें असून त्याचें जनुक मनुष्याच्या आठव्या गुणसूत्रावर आहे. इतर प्रमुख कॅडहेरिनांच्या बाहेर आलेल्या भागांत पांच कड्या असतात, याच्या भागांत सात. उलट पेशीच्या आंत शिरणारें शेंपूट याचें अगदीं तोकडें. जेथें अन्न सरकतें त्या माथ्यावर तें नसतें. शेजारी पेशीला जी बाजू लागते त्या बाजूवर तें असतें, आणि तेथें तें शेजारणीच्या तशाच प्रथिनाशीं कड्या गुंतवितें. हें त्याचें स्थान लक्षांत ठेवण्यासारखें आहे; पुढें त्याचा मोठा उपयोग झाला.

ही वीण उसवली तर काय होतें, याचें अतिशय दुःखद उदाहरण न्यूझीलंडमध्यें मिळालें. तेथील एका माओरी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या माणसें जठराच्या कर्करोगानें मरत होतीं, कांहीं तर ऐन तारुण्यांत. कुटुंबांतील लोकांनीं स्वतः पुढाकार घेऊन शास्त्रज्ञांची मदत मागितली, वंशावळी दिल्या, रक्त दिलें. १९९८ सालीं पॅरी गिल्फर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कारण प्रसिद्ध केलें: या घराण्यांत ई-कॅडहेरिनच्या जनुकांतच दोष वंशपरंपरेनें उतरत होता. जोडणारें प्रथिन नाहींसें झालें कीं जठराच्या पेशी एकेकट्या सुटून आंतल्या थरांत पसरत, गांठ दिसण्याच्या आधींच घात होत असे. कारण कळल्यामुळें ज्यांच्या अंगीं हा दोष आहे त्यांना तो आधींच समजूं लागला, आणि जठर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया वेळेवर करून घेऊन पुष्कळजण वांचले.

व्रणाचा इतिहासहि याच सुमारास उलटला. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनीं जठरांत राहणारा एक मळसूत्री जंतु वाढवून दाखविला. आम्लांत जंतु जगणार नाहीं, अशी तोंवर सर्वांची खात्री होती. लोकांस पटावें म्हणून १९८४ सालीं मार्शल यांनीं तो जंतु स्वतः पिऊन पोटास दाह करून घेतला. २००५ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढील शोध तर या विषयास अधिकच जवळचा आहे. २०१० सालीं असें सिद्ध झालें कीं, हा जंतु एक पाचक द्रव्य बाहेर सोडतो आणि त्या द्रव्यानें ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कापून टाकतो. म्हणजे तो विटा फोडीत नाहीं, चुना खरवडतो. ज्या वर्षीं हा जंतु प्रथम वाढविला गेला, त्याच वर्षीं १५ नोव्हेंबर रोजीं विनोबांनीं पवनार येथें देह ठेवला. त्यांच्या पिढीनें ज्या दुखण्यास दुधादह्याखेरीज फारसा उपाय नाहीं असें मानलें, तें दुखणें जंतूमुळें झालेलें असल्यास आज सुमारें दोन आठवड्यांच्या औषधांनीं बहुधा समूळ जातें.

जोडणारीं प्रथिनें नाहींशीं झालीं म्हणजेच रोग होतो असें मात्र नाहीं. तीं भलत्या जागीं किंवा भलत्या प्रमाणांत दिसणें हीदेखील धोक्याची खूण असते. शहरांतील पुष्कळ कुटुंबांना सी. ई. ए. नांवाची रक्ताची तपासणी ऐकून ठाऊक असेल. तिच्यांत जो पदार्थ मोजतात तो १९६५ सालीं माँट्रियल येथें फिल गोल्ड व सॅम्युअल फ्रीडमन यांना मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत सांपडला. हेंहि पेशींना चिकटविणारेंच प्रथिन आहे, असें १९८९ सालीं दिसून आलें. आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर रोग उलटतो आहे कीं काय, हें पाहण्यास तें मोजतात. कॅडहेरिन-१७ चें तसेंच आहे. निरोगी जठरांत त्याची वस्ती नसते. परंतु दीर्घकाळच्या दाहानें जठराचें अस्तर आंतड्याच्या अस्तराचें रूप धारण करूं लागलें कीं तें तेथें उमटतें, आणि जठराच्या अनेक कर्करोगांतहि आढळतें, असें २००१ सालच्या संशोधनानें दाखविलें. शेजाऱ्याच्या घराची किल्ली आपल्या दारांत दिसावी, तशी ही खूण होय.

आतां खानोलकरांकडे वळावयाचें. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम. डी. ही पदवी त्यांनीं १९२३ सालीं मिळविली आणि मुंबईस परत येऊन अध्यापन व संशोधन यांस वाहून घेतलें. १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांजकडे आली. रोगी तपासावा आणि बरा करावा एवढ्यावर न थांबतां रोग मुळांत कां होतो हें शोधावें, असा त्यांचा आग्रह. त्यांतूनच १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. हें केंद्र १९६६ सालीं टाटा स्मारक केंद्रांत सामील झालें. खानोलकर १९७८ सालीं निवर्तले; आणि २००२ सालीं त्यांची ही संस्था परळच्या गर्दींतून नव्या मुंबईंतील खारघर येथें विस्तीर्ण जागेंत हलली. खारघर हें पनवेल तालुक्यांत, म्हणजे गागोद्याच्याच जिल्ह्यांत मोडतें.

या खारघरच्या केंद्रांत सोराब दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेशींमधील बटणासारख्या जोडांचा अभ्यास चालविला. प्लॅकोफिलिन-३ हें त्या जोडांतील एक प्रथिन. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगापासून प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींत हें एक प्रथिन त्यांनीं मुद्दाम कमी केलें, बाकी सर्व तसेंच ठेवलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, तेवढ्यानें पेशींची परस्परांवरील पकड सैल झाली, त्यांचें इकडेतिकडे सरकणें वाढलें, आणि उंदरांत त्यांचा प्रसार अधिक होऊं लागला. कर्करोगाच्या बहुतेक रोग्यांचा जीव मूळच्या गांठीनें जात नाहीं, तिच्यापासून सुटून दूर गेलेल्या पेशींनीं जातो. म्हणून पकड कोठें सुटते हें जाणणें हा कोरडा विद्याव्यासंग नव्हे.

आतां त्या स्थानाचा उपयोग. रोग्याच्या रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी काढून घ्यावयाच्या, त्यांना कर्करोग ओळखणारा नवा ग्राहक बसवावयाचा, आणि त्या परत रोग्याच्या शरीरांत सोडावयाच्या, अशी एक नवी चिकित्सा निघाली आहे. रक्ताच्या कर्करोगावरील असें पहिलें भारतीय औषध नेक्सकार-१९ या नांवानें मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यानें सिद्ध झालें. त्यास ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्यें राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं त्याचें लोकार्पण केलें. पोटांतील गांठींवर मात्र ही चिकित्सा अवघड. कारण गांठीवर जें चिन्ह असतें तेंच बहुधा निरोगी अवयवावरहि असतें, आणि मग रक्षकच घर जाळावयाचे. येथें कॅडहेरिन-१७ कामास आलें. २०२२ सालीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं या प्रथिनास ओळखणाऱ्या पेशी बनविल्या. त्यांनीं उंदरांतील आंतड्याच्या व जठराच्या कर्करोगाच्या गांठी नष्ट केल्या, आणि निरोगी आंतड्यास इजा केली नाहीं. असें कां, तर निरोगी भिंतींत हें प्रथिन दोन पेशींच्या मधल्या सांध्यांत दडलेलें असतें, तेथवर या रक्षक पेशींचा हात पोंचत नाहीं. गांठींत मात्र वीण विस्कटल्यामुळें तें उघडें पडतें. या उपायाच्या माणसांवरील चांचण्या सुरू झाल्या आहेत. उंदरास जें मानवलें तें मनुष्यास मानवेलच असें नाहीं. तरी निरोगी अंगाचा घट्टपणा हाच त्याची ढाल ठरावा, ही गोष्ट आशा वाढविणारी आहे.

या शंभर-सव्वाशें वर्षांच्या इतिहासाकडे मागें वळून पाहतां एक गोष्ट स्पष्ट होते. आरंभीं वैद्यांनीं आम्ल पाहिलें, मग पेशी पाहिली, मग जंतु पाहिला. दोन पेशींच्या मधली जागा सर्वांत शेवटीं पाहिली, आणि व्रण असो वा कर्करोग, पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें त्याच जागेंत मिळालीं. संसारी माणसास यांतून घेण्याजोगा बोधहि सरळ आहे. पोटांतील दीर्घकाळची जळजळ, विष्ठेचा काळा रंग किंवा तींत दिसणारें रक्त, कारणावांचून घटणारें वजन, यांना किरकोळ पित्त समजून महिनेंमहिनें घरगुती उपाय करीत बसूं नये. विनोबांच्या काळीं सोसण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आज तें आहे. जठरांत किंवा मोठ्या आंतड्यांत दुर्बीण घालून तें अस्तर डोळ्यांनीं पाहतां येतें, चिमूटभर तुकडा काढून तपासतां येतो, जंतु असल्यास घालवितां येतो, आणि घराण्यांत दोष असल्यास तो आधीं ओळखतां येतो.

भूदानाच्या वाटेवर विनोबा माणसें जोडीत चालले. खानोलकरांनीं रोगाचें मूळ शोधणारी संस्था जोडली. अन्नमार्गाच्या भिंतींतहि दर तीन-चार दिवसांनीं नवीं येणारीं कोट्यवधि घरें एकमेकांचा हात धरून उभीं राहतात, म्हणूनच खाल्लेला घांस अंगीं लागतो. एकेक पेशी कितीहि सुदृढ असली तरी शेजारणीशीं तिची पकड सुटल्यास शरीर निभावत नाहीं, हाच या सर्व शोधाचा इत्यर्थ होय.